ओळंब्याची लाल फरशी

माझ्या वडिलांना कामावर सगळे ‘ओळंबा’ म्हणायचे. भिंत सरळ उभी आहे की नाही हे पाहायला गवंडी दोरीला बांधून जो पितळी लंबक सोडतात, तो ओळंबा. बाकीच्यांचा तो पिशवीत असायचा, बाबांचा खिशात. सदऱ्याचा उजवा खिसा कायम खाली ओढलेला. आई म्हणायची, “लग्नातसुद्धा खिसा लोंबत होता. मला वाटलं, माझ्यासाठी काहीतरी जड आणलंय.”

मी आठ-नऊ वर्षांची असताना त्यांचा डबा घेऊन एका दवाखान्याच्या बांधकामावर गेले होते. छातीपर्यंत आलेली एक भिंत बाबा स्वतःच्या हातानं पाडत होते. मालक शेजारी उभा राहून विनवत होता, “अहो, अर्ध्या बोटाचा फरक. प्लास्टरमध्ये कुणाला कळणार आहे?” बाबा हातोडा न थांबवता म्हणाले, “मला कळलंय ना.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “भाजी कुठली गं?”

ती भिंत त्यांनी दोन दिवसांत परत उभी केली. त्या दोन दिवसांत ते घरी कुणाशी धड बोलले नाहीत. आई मला हळूच म्हणाली, “जाऊ दे. माणूस आतून अर्धं बोट कललाय.”

आमचं घरही त्यांनीच बांधलं. उतारावरची जागा, म्हणून वर तीन खोल्या आणि खाली एक, टेकडीत निम्मी रुतलेली. अकरा वर्षं दर सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं करत त्यांनी ते पुरं केलं. विटा वीजकेंद्राच्या राखेच्या. आणि खालच्या खोलीची फरशी लाल ग्रॅनाइटची.

त्या फरशीची गोष्ट घरात इतक्यांदा सांगितली गेली की मला ती मी पाहिल्यासारखी आठवते. बाबा एका बँकेच्या इमारतीवर काम करत होते. तिथं कोपरे उडालेल्या लाद्या बाजूला टाकून दिल्या जात. बाबांनी विचारून त्या घेतल्या आणि सायकलच्या कॅरियरवर, गोणपाटात गुंडाळून, आठवड्याला एक अशा घरी आणल्या. बेचाळीस लाद्या. उडालेले कोपरे कापून सगळ्यांचं एक माप केलं. मग बसवायच्या आधी पंधरा दिवस त्या नुसत्या मांडून ठेवल्या. रोज कामावरून आले की एखादी इकडची तिकडे करायचे. दगडातले काळे ठिपके दारापासून खिडकीपर्यंत वाहत गेल्यासारखे दिसायला हवे होते त्यांना. शेवटी एकदाचं ते जमलं. घासणं हातानं केलं, आई पाणी ओतायला. “अशी घासतो की तुला चेहरा दिसेल,” म्हणाले. आई म्हणाली, “माझा चेहरा मला माहितीये. तुम्ही जेवायला चला.”

ती खोली माझी होती. उन्हाळ्यात शाळेतून आल्यावर मी दप्तर टाकून सरळ जमिनीवर पालथी पडायचे, गाल लादीला लावून. एक गाल गार झाला की दुसरा. दहावीचा, बारावीचा, बी.एस्सी.चा अभ्यास तिथंच केला. लग्न होऊन गेले तेव्हा मला माणसांइतकीच त्या गारव्याची आठवण यायची, हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

आई गेल्यावर बाबा एकटे पडले आणि आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि मुलगी, त्यांच्याकडे राहायला आलो. खालची खोली मुलीला मिळाली. ती नऊ वर्षांची होती आणि आल्या दिवसापासून आजोबांना कामं सांगत होती, म्हणून बाबा तिला ‘मुकादम’ म्हणायचे. “मुकादम, आज हजेरीला उशीर?” “आजोबा, तुम्ही कालचं काम पुरं केलेलं नाही.” असं त्यांचं चालायचं.

घरात एकच जागा अशी होती जिथं बाबांनी हात फिरवला नव्हता. खाली उतरणाऱ्या जिन्याखालचा कोंदट कोनाडा. त्याला सगळे ‘भोक’ म्हणत. आत थाप्या, छिन्न्या, पहार, सुतळीचे गुंडे, एक बुटकं स्टूल आणि जमीन मातीची, जशी खोदली तशी. आई असेपर्यंत म्हणत राहिली, “दुनियेच्या घरात फरशा आणि इथं दिव्याखाली अंधार.” बाबांचं उत्तर ठरलेलं, “हत्यारांना काय गालिचा हवाय?” काम सोडल्यापासून ते दिवसाचा बराच वेळ तिथंच दार लोटून बसायचे. कधी छिन्नीला धार लावत, कधी नुसतेच.

मी काळजी करणारी बाई आहे. मुलगी तान्ही असताना ती झोपली की मी तिच्या नाकापुढं बोट धरायचे. ती मोठी झाली, माझं बोट तिथंच राहिलं. त्या हिवाळ्यात तिला खोकला झाला आणि महिनाभर हटेना. त्याच सुमारास पेपरच्या पुरवणीत मी रेडॉनबद्दल वाचलं. माती, दगड, विटा यांत युरेनियमचा अगदी किंचित अंश असतो. तो युगानुयुगं मोडत जातो आणि त्यातून वाटेत एक वायू सुटतो, रेडॉन. वास नाही, रंग नाही. मोकळ्यावर तो उडून जातो, बंद खोलीत साठतो आणि वर्षानुवर्षं छातीत गेला तर फुप्फुसांना बाधतो. शेजारी चित्र छापलं होतं, लाल ग्रॅनाइटचं.

मी तो कागद नवऱ्यापुढं ठेवला. तो म्हणाला, “तुला किती वेळा सांगितलं, पेपर मागून वाचत जा. खेळाच्या पानावर काही सुटत नाही.”

मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेला पत्र लिहिलं. ते लोक घराघरांतला रेडॉन मोजत होते. पंधरा दिवसांनी एक बाई आल्या. बुटक्या, पायात जाड चपला, खांद्यावर पिशवी. पिशवीत पांढरे प्लास्टिकचे कप, तोंडाला पातळ कापड बांधलेले. मोजणीवाल्या बाईंनी एक कप उघडून दाखवला. तळाशी नखाएवढी फिल्म चिकटवलेली.

“वायूचा एकेक कण फुटला की या फिल्मवर ओरखडा उठतो,” त्या म्हणाल्या. “डोळ्यांना दिसत नाही. तीन महिन्यांनी आम्ही ही कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुतो, मग सूक्ष्मदर्शकाखाली ओरखडे मोजतो.”

बाबा दारात उभे राहून ऐकत होते. “म्हणजे बाई, या दगडातून वायू निघतो?”

“थोडासा निघतो, काका.”

“चाळीस वर्षं दगड उचललाय मी. माझ्यातूनही निघत असेल मग.”

“किरणं प्रत्येकाच्याच अंगातून निघतात. अगदी किंचित. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या.”

“मग आधी हिला मोजा,” बाबा माझ्याकडे हात करून म्हणाले. “हिच्यातून चोवीस तास काळजी निघते.”

बाई खळखळून हसल्या. मी नाही हसले. बाबाही फार हसले नाहीत. वाकून त्यांनी लादीवर बोटाची टिचकी मारली, पिकलं फळ बघावं तशी, आणि वर निघून गेले.

बाईंनी मुलीच्या खोलीत, खिडकीपासून दूर, छताच्या हुकाला दोरा बांधून कप टांगला. “तीन महिने याला कुणी हात लावायचा नाही, जागचा हलवायचा नाही,” असं दोनदा बजावून त्या गेल्या.

मी तो कप डोळ्यांत तेल घालून जपला. झाडताना त्याच्या खाली आलं की श्वास धरायचे. नवऱ्याला खोलीत शिंकू दिलं नाही. तीन महिन्यांनी बाई आल्या आणि कप घेऊन गेल्या. आणखी तीन आठवड्यांनी पत्र आलं.

सातशे चाळीस.

घनमीटरभर हवेत दर सेकंदाला इतके अणू फुटतात, बेक्वेरेल म्हणतात त्या मापाला. तीनशेच्या वर गेलं तर उपाय करावा, असं खाली लिहिलं होतं. त्याच्याही खाली आणखी मजकूर होता. तो मी वाचला नाही. माझे डोळे त्या आकड्यावरून हललेच नाहीत. त्या खोलीत माझी मुलगी वर्षभर झोपत होती, आणि तिच्याआधी मी वीस वर्षं.

दुपारपर्यंत मी तिची गादी वर आणली. संध्याकाळी बाबांना म्हटलं, “ती फरशी काढायची.”

“सगळी?”

“सगळी. एक लादी ठेवायची नाही.”

बाबांनी पत्र हातात घेतलं, आकडा पाहिला. त्यांचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच राहिला. मला वाटलं आता वाद घालतील, पेपरला नावं ठेवतील, बाईंना ठेवतील. मी तयारीत होते. ते एवढंच म्हणाले, “सातशे म्हणजे फारच कललं.” मग पत्राची घडी घालत, “दुसऱ्या कुणाला बोलावू नकोस. मी काढतो.”

शहात्तर वर्षांचा माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्याखाली गोणपाट घेऊन ते खिडकीपाशी बसले. त्यांना लाद्या फोडायच्या नव्हत्या. सांध्यात बारीक छिन्नी घालून, टकटक करत, चारी बाजू मोकळ्या करायच्या, मग पहारीच्या टोकानं उचलायची. उचललेल्या लादीच्या पाठीवर खडूनं आकडा घालायचे. काढून टाकायच्या लाद्यांना आकडे कशाला, असं मी विचारलं नाही. मी जिन्याच्या पायरीवर बसून होते.

“ही आणताना सायकलची चेन तुटली. चार मैल ढकलत आणली,” ते मान वर न करता म्हणाले. पुढची काढताना म्हणाले, “ही तू जन्मलीस त्या आठवड्यातली. कॅरियरवर दगड बघून नर्स म्हणाली, बाळाला खेळायला का?”

तिसऱ्या दिवशी नववी लादी निघाली. खालच्या सिमेंटच्या थरात एक हात उमटलेला होता. पाच बोटं, अंगठा बाहेरच्या बाजूला.

“हे तुझ्या आईचं,” बाबा म्हणाले. “माझी कंबर धरली होती. म्हटलं, थर लाकडी रंध्यानं सपाट कर. तिला रंधा धरता येईना, हातानंच केलं. वर म्हणाली, लादी बसली की कोण बघतंय.”

ते छिन्नी खाली ठेवून बसले. मी पाणी आणलं. ते पिताना खोकले. तीन दिवस धूळ उडत होती, त्याचाच खोकला असणार असं मी धरून चालले.

तेवढ्यात मुकादम शाळेतून आली. जिन्यावरून वाकून तिनं नऊ लाद्यांचा खड्डा बघितला.

“आजोबा, तुम्ही माझ्या खोलीची का काढताय? भोकाची काढा ना.”

“भोकाला फरशीच नाहीये, मुकादम.”

“हो, पण वायू तर तिथं निघाला ना?”

मी उठून उभी राहिले. “तिथं म्हणजे कुठं?”

मुलीनं आजोबांकडे पाहिलं. बाबांनी छिन्नीकडे.

“तू शपथ मोडलीस,” बाबा म्हणाले.

“शपथ मोजून होईपर्यंतची होती. मोजून झालं!”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मोजणीवाल्या बाई गेल्या त्याच संध्याकाळी बाबांनी हुकावरचा कप काढला आणि भोकात, स्टुलाच्या वर, खिळ्याला टांगला. तीन महिने तो तिथंच होता. बाई परत येणार त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी तो जागच्या जागी आणून लावला.

“पण मी रोज बघत होते! कप इथंच होता!”

“तो आइस्क्रीमचा होता,” मुलगी म्हणाली. “व्हॅनिला. कापड मी बांधलं.”

तीन महिने मी आइस्क्रीमच्या रिकाम्या कपाखाली श्वास धरून केर काढला होता. नवऱ्यानं हे नंतर ज्याला त्याला सांगितलं.

“बाबा, पण का?”

ते गुडघ्यावरची धूळ झटकत राहिले. “कामाचा कस बघायचा तर सगळ्यात कच्च्या कोपऱ्यात बघतात. तपासनीस दिवाणखाना बघून काय करणार? मला वाटलं, भोकात पास झालं म्हणजे घर पास झालं. मग तुझ्या जिवाला घोर राहणार नाही. तुला आधी सांगितलं असतं तर तू हात लावू दिला असतास का?”

“मग नापास झाल्यावर तरी सांगायचं!”

“घरातली हवा एकच ना,” ते म्हणाले. “आणि घर मी बांधलंय. नापास झालं तर सबबी कशाला सांगू?”

मी वर जाऊन मोजणीवाल्या बाईंना फोन लावला. बोलता बोलता पत्र हातात घेतलं तेव्हा शेवटची ओळ दिसली: दुसरी मोजणी केल्याशिवाय कोणतीही तोडफोड करू नये.

बाई दुसऱ्या दिवशी आल्या. आइस्क्रीमचं ऐकून त्या इतक्या हसल्या की पायरीवर बसल्या. मग भोकाचं दार उघडून आत वाकल्या. मातीवर हात फिरवला. मागच्या भिंतीत, टेकडीच्या बाजूला, बोटभर भेग होती. त्यांचं हसू थांबलं.

“काका, इथं कोण बसतं?”

“मीच.”

“रोज?”

“जेवायला वर जातो.”

“किती वर्षं झाली?”

“काम सोडल्यापासून. सतरा.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग समजावून सांगितलं. ग्रॅनाइटमधून, राखेच्या विटांतून रेडॉन निघतो खरा, पण बहुतेक वेळा थोडाच. घट्ट, घासलेला दगड आणि भरलेले सांधे उलट खालचा वायू अडवून धरतात. मुख्य वायू येतो जमिनीतून. उघडी माती, भेग, लोटलेलं दार. सातशे चाळीस हे त्या कोनाड्याचं माप होतं, मुलीच्या खोलीचं नव्हे.

म्हणजे ते बाबांच्या श्वासाचं माप होतं. मी इतके महिने मुलीचे खोकले मोजत होते. जिन्याखाली दुसरं कुणी खोकत होतं आणि तो आवाज मी धार लावण्याच्या आवाजात जमा धरला होता.

“बाबा, उद्यापासून तुम्ही इथं बसायचं नाही,” मी म्हटलं.

“अगं, रडतेस काय. फरशी वाचली ना?”

“फरशीला काय करायचंय!”

ते थोडे बावरले. इतक्या वर्षांत मी त्या फरशीबद्दल असं कधी बोलले नव्हते. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, सिमेंटची धूळ भरलेला, आणि म्हणाले, “बरं. नाही बसत.”

बाईंनी उपाय कागदावर काढून दिला. काम बाबांनीच केलं, पण या वेळी दारं सताड उघडी ठेवून, आणि उचलायचं सगळं नवऱ्यानं उचललं. भोकातली माती हातभर खणली, खडी भरली, त्यात भोकं पाडलेला पाइप टाकला, वर जाड प्लास्टिक, वर काँक्रीट. पाइपचं दुसरं टोक भिंतीबाहेरून छपराच्या वर नेलं आणि त्याला छोटा पंखा बसवला, मातीतला वायू घरात शिरायच्या आधीच वर ओढून घेणारा. मुकादम खडीची घमेली मोजत होती. भेग बुजवल्यावर बाबांनी सवयीनं ओळंबा सोडून बघितला. नवरा म्हणाला, “बाबा, पाइप आहे तो.” बाबा म्हणाले, “पाइपनं वाकडं का राहावं?”

मग नऊ लाद्या, खडूचे आकडे बघून, आपापल्या जागी परत गेल्या. नववी बसवताना त्यांनी खालच्या थराला हात लावला नाही. मधे सुकीच ठेवली, फक्त कडा भरल्या. सातवी काढताना कोपऱ्यापासून तडकली होती. मी म्हटलं, हिच्या जागी दुसरी मिळेल का बघू. बाबा म्हणाले, “राहू दे. पत्र शेवटपर्यंत वाचायचं असतं, ते लक्षात राहील तुझ्या.”

पुन्हा कप टांगले. यावेळी दोन, एक खोलीत, एक भोकात. मुलीनं प्रत्येकावर स्वतःची सही केली, बदलाबदल होऊ नये म्हणून. तीन महिन्यांनी आणि वर तीन आठवड्यांनी पत्र आलं. खोलीत पंच्याऐंशी, भोकात एकशे दहा.

“पास?” बाबांनी विचारलं.

“पास.”

“खाली काय लिहिलंय?”

“आपली विश्वासू.”

“त्याच्या खाली?”

“काही नाही, बाबा.”

“मग पास,” ते म्हणाले आणि चहा मागितला.

त्यानंतर ते चार वर्षं होते. भोकात बसत नव्हते. स्टूल खालच्या खोलीच्या खिडकीशी ठेवलं होतं. तिथं बसून ते मुकादमाचा अभ्यास घेत, म्हणजे तिनं वाचायचं आणि त्यांनी लादीवरचं ऊन सरकताना बघायचं. रोज सकाळी सहाला खिडकी उघडत. “चला, जुनी हवा कामावरून काढा,” म्हणत. गेले ते हृदयानं, एका दुपारी, पाच मिनिटांत. मी डॉक्टरांना फुप्फुसांबद्दल तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, “बाई, मागच्या तपासणीतला छातीचा फोटो आहे, तुम्हीच बघा.” मी बघितला. मला त्यातलं काही कळत नाही, तरी कितीतरी वेळ बघत होते.

मुलगी आता पंधराची आहे. खोलीत कुणी न सांगता आलेलं तिला चालत नाही. फरशी मात्र मी पुसते. कपडा दारापासून खिडकीकडे नेताना सातव्या लादीवर हटकून अडकतो. नवव्या लादीवर मी हात टेकते, सपाट, बोटं पसरून. गार लागतं. मग मुलगी म्हणते, “आई, झालं असेल तर निघ,” आणि मी निघते.

तिच्या दाराबाहेर, जिन्याशी, छपरावरचा तो पंखा अगदी बारीक ऐकू येतो. दिवसरात्र चालतो. मी नाकापुढं बोट धरायचं सोडलंय. जरा थांबून पंखा ऐकते आणि वर येते.